सहीनंतरची बिर्याणी

९ फेब्रुवारी १९९४, बुधवार, सकाळी सव्वानऊ. थॉमस नावाचे गृहस्थ आमच्या शेडच्या दारात थांबले, त्यांनी हवा हुंगली आणि मला विचारले, "रंगाचा वास येतो आहे. काय रंगवलंत?"

"व्हेसल," मी म्हणालो. "काल दुपारी. तुम्ही येणार म्हणून."

"आणि हायड्रो टेस्ट?"

"परवाच झाली. पास आहे. सर्टिफिकेट टाइप करून टेबलावर ठेवलं आहे. तुमची सही तेवढी राहिली."

थॉमस यांनी हातातली बॅग खाली ठेवली. रात्रभर रेल्वेने प्रवास करून ते मद्रासहून सिकंदराबादला उतरले होते आणि तेथून आमच्या मोटारीने बालानगरला कारखान्यात आले होते. वय पंचेचाळिशीचे, मूळचे केरळातले. बोलणे इंग्रजीत आणि मोजके.

"मिस्टर कदम, क्वालिटी प्लॅनमध्ये हायड्रो टेस्टच्या ओळीत माझ्या रकान्यात काय लिहिलं आहे?"

"विटनेस."

"मग परवा मी कुठे होतो?"

मी त्या वेळी सत्तावन्न वर्षांचा होतो. क्वालिटी कंट्रोल खात्याचा प्रमुख म्हणून बावीस वर्षे काढली होती. हा शब्द मी असंख्य वेळा लिहिला, वाचला आणि टाइप करवून घेतला होता. त्याचे क्रियापद असते, आणि ते करावे लागते, ही गोष्ट मला त्या दिवशी सांगण्यात आली.

वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. प्रेशर व्हेसल म्हणजे जाड पोलादी पत्रा वाकवून आणि वेल्ड करून केलेली टाकी. तिच्यात दाबाखाली वायू किंवा रसायन साठवतात. ती कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी तिच्यात काठोकाठ पाणी भरतात, पंपाने पाण्याचा दाब नेहमीच्या दाबाहून बराच वर नेतात आणि अर्धा तास तसाच ठेवतात. हीच हायड्रो टेस्ट. पाणी एवढ्यासाठी की टाकी फाटली तर पाणी सांडते. हवा भरली असती तर माणसे गेली असती. त्या अर्ध्या तासात गेजचा काटा खाली येता कामा नये आणि वेल्डच्या कोणत्याही सांध्याला पाझर दिसता कामा नये.

क्वालिटी प्लॅन हा याच कामांचा तक्ता. डाव्या बाजूला काम, उजव्या बाजूला ते कोणी काय करायचे. टेस्टच्या ओळीत आमच्या रकान्यात 'परफॉर्म' आणि गिऱ्हाइकाच्या इन्स्पेक्टरच्या रकान्यात 'विटनेस' असे लिहिलेले असे.

आमची सगळी गिऱ्हाइके तोपर्यंत सरकारी होती. त्यांचा इन्स्पेक्टर येई. त्याला केबिनमध्ये बसवत, शहाळे देत. मी कागद पुढे करी, तो दोन प्रश्न विचारी. मग जेवण. जेवणानंतर तो शेडमध्ये जाऊन व्हेसलला एकदा हात लावी, जसा आपण नव्या गाडीला लावतो, आणि सही करी. टेस्ट आम्ही आदल्या दिवशीच उरकलेली असे. त्यात लबाडी नव्हती. टेस्ट खरीच होत असे, मी स्वतः उभा राहत असे, आणि जी व्हेसल पाझरे ती मी परत वेल्डिंगला पाठवी. दूरवरून आलेल्या माणसाला पत्र्याच्या शेडखाली उन्हाळ्यात अर्धा तास काट्याकडे बघायला लावणे हे आमच्याकडे असभ्य समजत.

नंतर सरकारचे धोरण बदलले. परदेशी माल येऊ लागला, सरकारी कामे आटली. शेडच्या अर्ध्या भागात नुसते कबुतरांचे राज्य होते. अशा वेळी आखातातील एका कंपनीने आमच्याकडून एक व्हेसल नमुन्यादाखल मागवली. ती वेळेवर आणि नियमाप्रमाणे पोहोचली तर तशाच आणखी अकरा मिळणार होत्या. नाहीतर ते काम कोरियाला जाणार होते. व्हेसल त्याच दिवशी संध्याकाळी ट्रेलरवर चढून मद्रास बंदराकडे निघायला हवी होती. पुढच्या बोटीपर्यंत थांबण्याची त्या कंपनीची तयारी नव्हती. थॉमस हे त्या कंपनीने नेमलेले इन्स्पेक्टर होते.

परदेशी काम म्हणून आम्ही आदरातिथ्यात काही कमी ठेवले नव्हते. टेस्ट एक दिवस आधी न करता दोन दिवस आधी केली. व्हेसल रंगवून घेतली. टेस्टचे पाणी वाया जाऊ नये म्हणून ते गेटपासून केबिनपर्यंत मांडलेल्या नव्या कुंड्यांना घातले.

आमचे मालक रेड्डीसाहेब हातात हार घेऊन केबिनच्या दारात उभे होते. मी एकटाच परत आलेला पाहून त्यांनी नेहमीप्रमाणे नावापुढे 'गारू', म्हणजे तेलुगूतले 'राव', लावून विचारले, "कदमगारू, मेहमान किदर है?"

"शेड में. टेस्ट फिर से करने को बोल रहे."

"कायकू? फेल हुई क्या?"

"नहीं. उन्होंने देखी नहीं."

साहेबांना हे कळेना. "गाडी में कुछ तकलीफ हुई क्या उनकू? नाराज हैं क्या?"

"नाराज नहीं. विटनेस करना है बोलते."

"विटनेस मतलब सही ना. मेरी शादी रजिस्टर हुई तो तीन विटनेस थे. एक उस दिन वरंगल में था. शादी तो चल रही ना अभी तक?"

मी म्हणालो की चालली आहे, पण ह्या गृहस्थांना ती पाहावी लागेल.

साहेबांनी मद्रासला थॉमस यांच्या वरिष्ठांना एसटीडी लावला. कारखाना किती जुना, बोट कधी सुटते, कदम हे किती कडक गृहस्थ आहेत, हे सर्व त्यांनी सांगितले. मग थोडा वेळ ऐकले. मग फोन ठेवला.

"क्या बोले?" मी विचारले.

"वो बी येईच पूछ रहा. हमारा आदमी वहाँ था क्या, बोलके."

मी शेडमध्ये परतलो. मला राग आला होता. तो कामाचा खोळंबा होतो म्हणून नव्हता. त्या सर्टिफिकेटवर माझी सही होती आणि माझी सही तोपर्यंत कोणी नाकारली नव्हती. मी थॉमस यांना तसे म्हणालो. "परवा मी स्वतः गेजसमोर उभा होतो. तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?"

"पूर्ण आहे," ते म्हणाले. "पण विश्वास मला मद्रासला बसूनही ठेवता आला असता. त्यासाठी रेल्वेचं तिकीट कशाला काढलं असतं?"

मी हेड फिटर खाजा मियाँ यांना बोलावले. आमच्या शेडमधील प्रत्येक टेस्टचा पंप त्यांच्या हातचा. त्यांना सांगितले की सर्व सांध्यांवरचा रंग काढा, पाण्याचे टँकर मागवा, टेस्ट पुन्हा घ्यायची आहे.

खाजा मियाँनी थॉमस यांच्याकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. "क्या साब. परसों मैं खुद देखा, एक बूंद नै निकली. अब इनो आके देखे तो निकलती क्या?"

"नै निकलेगी."

"तो फिर कायकू?"

"उनकू बी देखने दो."

"पानी का पानी, रंग का रंग," खाजा मियाँ पुटपुटले आणि कामाला लागले.

रंग काढणे का आवश्यक, हे सांगायला हवे. वेल्डमध्ये केसाएवढे छिद्र असेल तर ताजा रंग ते बुजवतो. टेस्टच्या अर्ध्या तासात काही दिसत नाही. वर्षभराने, रंग उडाल्यावर, वायू तेथून बाहेर पडतो. रंगवलेल्या व्हेसलची टेस्ट म्हणजे कपडे घातलेल्या माणसाची शरीरतपासणी. म्हणून ज्या पेंटरने काल मन लावून रंग दिला, तोच आज रिमूव्हर आणि ब्रश घेऊन तो खरवडत बसला. आदल्या दिवशी रंगाबद्दल त्याची पाठ मीच थोपटली होती.

पाण्याला वेळ लागला. आमची बोअर फेब्रुवारीतच दम टाकत असे. पहिला टँकर आला तो अर्धा गळून आला. दुसऱ्याचा ड्रायव्हर गेटजवळच्या ओल्या कुंड्या बघून म्हणाला, "पानी नै बोलते, और गमलों कू पिलाते." मी त्याला टँकर आत घ्यायला सांगितले.

दरम्यान साहेबांनी थॉमस यांच्यासाठी केबिनमधील गादीची खुर्ची शेडमध्ये पाठवली. थॉमस यांनी आभार मानून ती परत पाठवली आणि कोपऱ्यातले वेल्डरचे लोखंडी स्टूल स्वतः उचलून आणले. ते त्यांनी गेजपासून दोन हातांवर ठेवले. गेज अचूक असल्याचा, म्हणजे कॅलिब्रेशनचा, शिक्का त्यांनी चष्मा पुसून वाचला. मग स्टुलावर बसून बॅगेतून स्टीलचा डबा काढला. डब्यात दहीभात होता.

हे साहेबांनी केबिनच्या काचेतून पाहिले आणि ते धावतच बाहेर आले. नारायणगुड्याच्या एका हॉटेलातून बिर्याणीचा हंडा सकाळीच सांगून ठेवला होता, आणि तो नुकताच पोहोचला होता.

"मिस्टर थॉमस, दिस इज नॉट फेअर," साहेब म्हणाले. "हैदराबादमध्ये येऊन दहीभात?"

"माफ करा. कामाच्या वेळी मी डबाच खातो."

साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "कदमगारू, घर आया सो मेहमान घर से डब्बा लाया. ये तो गाली हुई ना?"

माझेही मत तेच होते.

दुपारी व्हेसल भरली. खाजा मियाँनी वरच्या नळीतून हवा काढून टाकली, झाकण घट्ट केले आणि पंप सुरू केला. दाब टप्प्याटप्प्याने चढवतात. प्रत्येक टप्प्यावर थांबतात, बघतात, पुन्हा चढवतात. शेवटच्या टप्प्याला काटा पोहोचला तेव्हा खाजा मियाँनी व्हॉल्व्ह बंद केला, पंप थांबवला आणि हात पुसले. शेडमध्ये एकदम शांतता झाली. थॉमस यांनी घड्याळ पाहून वेळ टिपली.

थोड्याच वेळात साहेब आले. "मिस्टर थॉमस, केबिनमध्ये तुमचा फोन आहे. ऑफिसमधून."

थॉमस यांनी काट्यावरची नजर हलवली नाही. "त्यांना अर्ध्या तासाने करायला सांगा."

"अर्जंट म्हणतात."

"मग त्यांनाच माहीत असेल की मी इथून उठू शकत नाही."

साहेब परत गेले. फोन वगैरे काही नव्हता, हे त्यांनी मला पुढे वर्षभराने सांगितले. पाहुण्याने पंख्याखाली बसून निदान एक कप चहा तरी घ्यावा, एवढाच त्यांचा हेतू होता.

काटा स्थिर होता. मला ते अपेक्षितच होते. मग थॉमस यांनी काट्याकडे बघतच मला विचारले, "परवा तुम्ही कुठे उभे होतात?"

"इथेच. गेजसमोर."

"पूर्ण वेळ?"

"पूर्ण वेळ."

"आणि खालचा सांधा?"

व्हेसल दोन आधारांवर आडवी ठेवलेली असते. तिच्या पोटाखाली जमिनीपासून जेमतेम एक माणूस आडवा सरकेल एवढी जागा राहते. "खालचा सांधा खाजाने पाहिला," मी म्हणालो.

"तसं कोण म्हणालं?"

"खाजाच म्हणाला. बावीस वर्षं तोच बघतो आणि तोच सांगतो."

"चांगला माणूस दिसतो," थॉमस म्हणाले. त्यांनी आकडा टिपला, मला गेजकडे लक्ष ठेवायला सांगितले, पोत्याचा एक तुकडा जमिनीवर टाकला, टॉर्च घेतली आणि इस्त्रीच्या शर्टासह व्हेसलखाली सरकले. बराच वेळ त्यांचे फक्त बूट दिसत होते. मग आतून आवाज आला, "मिस्टर कदम, इकडे या."

खाजा मियाँ गेजपाशी उभे राहिले. मी चष्मा खिशात ठेवला, पुन्हा काढून घातला आणि दुसऱ्या बाजूने व्हेसलखाली सरकलो. त्या शेडमध्ये मी तसा कधीच आडवा झालो नव्हतो. बाहेरून खाजा मियाँचा आवाज आला, "अरे साब, आप बी?"

थॉमस यांनी टॉर्चचा झोत वर धरला. सर्वांत खालच्या नोझलजवळ, म्हणजे व्हेसलला नळी जोडण्याच्या तोंडाजवळ, वेल्डच्या कडेला पाण्याचा एक थेंब लोंबत होता.

"तुमचं मत?" थॉमस यांनी विचारले.

"भरताना वरून पाणी सांडलं. ते ओघळून इथे साठलं."

"शक्य आहे."

"नक्की तेच आहे."

"तुम्ही ते ओघळताना पाहिलं?"

मी पाहिले नव्हते. बाहेर खाजा मियाँना विचारले तर त्यांनीही तेच सांगितले की पाणी सांडलेले आहे. आणि त्यांनीही ते पाहिले नव्हते. आम्हा दोघांचा अनुभव मिळून पन्नास वर्षांहून अधिक होता आणि त्यातले एकही वर्ष तो थेंब कोठून आला हे सांगू शकत नव्हते. तो सांडलेला असेल तर आमची व्हेसल उत्तम होती. तो पाझर असेल तर नोझल कापून पुन्हा वेल्ड करावा लागणार होता, बोट चुकणार होती आणि अकरा व्हेसल्स कोरियाला जाणार होत्या. थेंब दोन्ही प्रकारांत अगदी सारखाच दिसतो.

थॉमस यांनी खिशातून रुमाल काढला, तो थेंब टिपला आणि ती जागा कोरडी पुसली. "आता वेळ नव्याने मोजायची," ते म्हणाले. "अर्धा तास. मी गेजवर बसतो, मधूनमधून खाली येईन. तुम्ही इथे थांबाल?"

मी थांबलो.

त्या अर्ध्या तासाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. पाठीखाली पोते होते आणि पोत्याखाली वेल्डिंग करताना उडालेल्या लोखंडाच्या बारीक गोळ्या. टॉर्च छातीवर टेकवून मी वेल्डच्या दोन बोटे रुंदीच्या भागाकडे बघत होतो. सुरुवातीला मला सर्व माहीत होते. काही वेळाने जे माहीत होते ते संपले आणि समोर फक्त वेल्ड उरला. त्याच्या लाटा एकीकडे किंचित दाट होत्या. तेथे वेल्डरने हात बदलला असावा. एकदा मला तेथे काही चमकल्यासारखे वाटले. मी बोट लावले. कोरडे होते. ज्या व्हेसलच्या सर्टिफिकेटवर मी सही करून मोकळा झालो होतो, ती मी प्रथमच पाहत होतो.

बाहेर रेड्डीसाहेबांचा आवाज ऐकू आला. "कदमगारू किदर गए?"

"नीचे हैं," खाजा मियाँ म्हणाले.

"नीचे क्या कर रहे?"

"विटनेस," खाजा मियाँ म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला.

थेंब पुन्हा आला नाही. थॉमस दोनदा खाली येऊन पाहून गेले. वेळ संपली तेव्हा त्यांनी काट्याचा आकडा टिपला, शेवटी एकदा व्हेसलभोवती टॉर्च घेऊन सावकाश फेरी मारली आणि म्हणाले, "पास." मी बाहेर सरकलो. खाजा मियाँनी हात देऊन मला उभे केले आणि माझ्या पाठीवरची माती झटकली. "मैं बोला ना साब?" ते म्हणाले.

"हौ. तुम बोले थे."

थोडक्यात, दोन टँकर पाणी, एका पेंटरचे दोन दिवसांचे काम आणि माझा एक शर्ट खर्ची घालून आम्ही असे सिद्ध केले की व्हेसल परवाही उत्तमच होती. हे मी थॉमस यांना म्हणालो. ते म्हणाले, "होय. आता मलाही ठाऊक आहे." मी टाइप करून ठेवलेले सर्टिफिकेट त्यांनी बाजूला सारले आणि नव्या कागदावर, त्या दिवसाची तारीख घालून, सही केली.

पेन खिशाला लावल्यावर त्यांनी रेड्डीसाहेबांना विचारले, "बिर्याणी उरली आहे का?"

साहेब म्हणाले, "आप तो नक्को बोले थे."

"सही झाली," थॉमस म्हणाले. "आता मी पाहुणा आहे. आधी नव्हतो."

बिर्याणी गार झाली होती. त्यांनी ती दोनदा घेतली. साहेबांनी सकाळचा हारही त्यांना घातला. तोवर तोही थोडा कोमेजला होता.

पाणी काढून व्हेसल पुसली आणि दिवेलागणीच्या सुमारास ती ट्रेलरवर चढली. खरवडलेल्या सांध्यांना रंग द्यायला वेळ उरला नव्हता. म्हणून पेंटरला रंगाचे डबे देऊन ट्रेलरच्या केबिनमध्ये बसवले. त्याने ते काम मद्रास बंदरात केले. बोट मिळाली. अकरा व्हेसल्सची ऑर्डरही आली. साहेबांनी ते लोखंडी स्टूल पिवळ्या रंगाने रंगवून घेतले आणि त्याच्यावर 'विटनेस' असे लिहवून घेतले. पुढे एका सरकारी इन्स्पेक्टरला त्यांनी मोठ्या आदराने त्या स्टुलावर बसायला सांगितले. इन्स्पेक्टरने तो अपमान समजून वर तक्रार केली, आणि साहेबांना लेखी दिलगिरी द्यावी लागली. नवे क्रियापद सगळीकडे एकाच वेळी लागू होत नाही.

पण हे नंतरचे. त्या बुधवारी मी नारायणगुड्याला घरी पोहोचलो तेव्हा माझे मेहुणे विलास चहा घेत बसले होते. त्यांनी पिशवीतून स्टँपपेपर काढला. माझे सासरे अंबरपेठेतल्या त्यांच्या घरी राहत. त्या घराचे सर्व व्यवहार यापुढे विलास यांनी पाहावेत, असे मुखत्यारपत्र सासऱ्यांनी केले होते.

"दाजी, इथं खाली एक सही मारा," विलास म्हणाले. "विटनेसची. दुसरी सही शेजारच्या डॉक्टरांनी केलीय."

"मामांनी सही कधी केली?"

"काल सकाळी."

"मी नव्हतो तिथे."

"तुम्ही कसे असणार? तुम्ही कामावर होता की."

माझी पत्नी सुमन आतून म्हणाली, "अहो, घरातलंच आहे. मारा सही अन् हातपाय धुवा. शर्ट कशानं एवढा भरला?"

मी कागद वाचला. कागदात काही वावगे नव्हते. मी तो घडी करून विलास यांना परत दिला आणि विचारले, "ह्याची दुसरी प्रत आहे का? सही न केलेली?"

"आहे. पण कशाला?" विलास यांचा चेहरा उतरला. "आमच्यावर भरोसा नाही का दाजी?"

हे वाक्य मी त्या दिवशी आधी एकदा ऐकले होते. सकाळी ते माझ्याच तोंडी होते.

"भरोसा आहे," मी म्हणालो. "तो इथे बसूनही ठेवता येतो. सही तिथे जाऊनच करावी लागेल. चला."

सुमनने स्वच्छ शर्ट आणून दिला. मी स्कूटर बाहेर काढली. विलास दुसरी प्रत पिशवीत घेऊन मागे बसले.

सासऱ्यांनी आम्हाला पाहून पाटाकडे हात केला. "या कदमराव. आधी जेवा."

"आधी सही, मामा. मग जेवण."

"सही? ती तर कालच केली की."

"मी पाहिली नाही. हा कागद कशाचा आहे, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "आता पळापळ विलासनं करायची, मी बसून राहायचं."

सर्व काही विलास यांनी सांगितल्याप्रमाणेच होते. सासऱ्यांनी दुसरी प्रत मांडीवरच्या फळीवर ठेवली, चष्मा चढवला आणि सही केली. ते निजामाच्या काळी उर्दू शाळेत शिकले होते. पेन उजवीकडून डावीकडे, थांबत थांबत गेले. मध्ये एकदा त्यांनी पेन उचलले, हात स्थिर होऊ दिला आणि पुन्हा टेकवले. मी त्यांचा तीस वर्षे जावई होतो. त्यांना सही करताना मी कधी पाहिले नव्हते.

त्यांचे झाल्यावर मी खाली सही केली, तारीख घातली, वेळ घातली आणि पेनाचे टोपण लावले. मग पाटावर बसलो आणि सासूबाईंना म्हणालो, "आता वाढा."